मानकूकाकाची फळी

मला वाघाची किळस कधी आली नाही. त्याने मुतलेली झाडं मी नाक लावून हुंगली आहेत. त्याने अर्धा खाऊन टाकलेल्या सांबरावर वळवळणाऱ्या अळ्या पाहून आले आणि घरी येऊन पोटभर जेवले आहे. पण पहाटे कोसमघाटच्या गेटवर जिप्सीत चढणाऱ्या माणसांचा वास आला की मला किळस येते. अत्तर, तोंडाला फासलेली क्रीमं, हॉटेलातून डब्यात बांधून आणलेली उकडलेली अंडी, आणि त्या सगळ्यावर रोजचा तो एकच प्रश्न, "मॅडम, आज दिसेल ना हो?" जणू मी वाघ पदराला बांधून ठेवला आहे आणि यांनी मागितला की सोडणार आहे.

मी शेवंता सोयाम. या गेटवर गाइड आहे. ज्या जंगलात मी लोकांना फिरवते, त्याच्या मधोमध आमचं हिरडझरी गाव होतं. वाघांना जागा पाहिजे म्हणून सरकारने गाव उठवलं आणि गेटबाहेर, डांबरी रस्त्याला लागून, एकसारख्या घरांच्या वस्तीत आम्हाला बसवलं. आम्ही निघालो, कोंबड्या निघाल्या, चुलीचे दगडसुद्धा बैलगाडीत घालून आणले. मागे राहिला तो फक्त माझा मानकूकाका.

काकाला वाघाने नेलं तेव्हा मी पाळण्यात होते. गावाला लागून मोहाचं मोठं झाड होतं. त्याखाली भल्या पहाटे फुलं वेचायला तो वाकला, तो वाकलेलाच गेला. जिथे त्याची हाडं सापडली, तिथे आमच्या लोकांनी सागाची फळी कोरून रोवली. वर चंद्र-सूर्य, मधे माणूस, खाली वाघ. आमच्यात वाघाने नेलेला माणूस पितरांत जात नाही, तो वाघाच्या दारात बसून राहतो. म्हणून वर्षातून एकदा, आणि घरात लग्न निघालं तर त्याच्याही आधी, फळीवर अंडं फोडायचं आणि त्याला सगळं सांगायचं. मग हळद. न सांगता हळद लावली तर तो हळदीच्या वासाने घराकडे येतो, आणि त्याच्या मागोमाग तो दुसराही येतो, ज्याचं नाव आम्ही जंगलात घेत नाही. अंडं जिथे फुटलं, तिथे काका बसला. मग फळी तिथून हलवायची नाही, आणि पुढचं अंडं फुटेपर्यंत तिला पाणी लावायचं नाही. पावसाने धुतली तर धुतली, माणसाने धुवायची नाही.

काकाची बायको भिवराकाकी आमच्या शेजारच्याच घरात राहते. तिची नात सगुणा. सगुणाचं लग्न ठरून दोन उन्हाळे गेले तरी हळद लागली नव्हती, कारण दोन्ही वर्षं फळीपाशी जायची परवानगी मिळाली नव्हती. त्याआधी दर वर्षी एक दिवस मिळायची. या तिसऱ्या उन्हाळ्यात नवऱ्याकडच्यांनी निरोप धाडला की आता हळद लागली नाही तर आम्ही दुसरी पोरगी पाहू. सगुणाने जेवण टाकलं. काकीची सून रडून रडून सुजली. काकीचं मात्र एकच म्हणणं.

"त्याले सांगतल्याबिगर हळद नाही. लगीन मोडलं त मोडलं."

मी तिला घेऊन फॉरेस्टच्या ऑफिसात गेले. साहेब चांगले होते, खुर्ची दिली, चहा दिला. मग म्हणाले, "आजी, तिथे वाघीण पिल्लं घेऊन आहे. माणसं आली की तिला त्रास होतो."

"अन् त्या गाड्यायचा नाही होत?" काकीने विचारलं.

"गाड्या ठरलेल्या रस्त्याने जातात. कोणी खाली उतरत नाही."

"मंग मले गाडीत बसवा."

साहेबांना वाटलं म्हातारी चेष्टा करते आहे. ते हसले आणि त्यांनी आम्हाला दारापर्यंत पोचवलं. पण मला ते तिथेच पटलं. गाड्यांचा रस्ता हिरडझरीतूनच जातो, आणि काकाची फळी त्या रस्त्याला इतकी लागून आहे की गाडीत बसल्या बसल्या हात लांब केला तर टेकेल. पूजेला बंद आणि तमाशाला उघडं, असं जर असेल, तर काकीने तमाशा बघणारी होऊन जावं.

पुढच्याच आठवड्यात पळसपान रिसॉर्टचं एक जोडपं माझ्या वाट्याला आलं. पुण्याचे ओक साहेब आणि त्यांच्या मॅडम. दोघांनी अख्खी गाडी घेतली होती, मागची सीट रिकामी. मी विचारलं, आमच्या एक म्हाताऱ्या काकी आहेत, त्यांचं जुनं गाव आत आहे, बसवू का? मॅडम म्हणाल्या, "अय्या, बसवा ना! काय गोड आहेत!" काकी गोड दिसत नाही. तिचे पुढचे दात गेलेत आणि तोंडात सदा तंबाखूची गुडाखू असते. पण यांना म्हातारी आदिवासी बाई दिसली की गोडच दिसते.

गाडीचा ड्रायव्हर सुखदेव पेंदाम. तोही आमच्या हिरडझरीचाच, काकीला मोठी माय म्हणतो. काकीला चढताना पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"मोठे माय, तू कुठी?"

"तुया काकाकडं. सगुणाचं सांगाले."

"आज तिकडं गर्दी रायते वं," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "ताई, दुसऱ्या झोनले जाऊ ना. तिकडं अस्वल दिसून राह्यलं."

"साहेबांना वाघ पाहिजे," मी म्हटलं. "चल मुकाट्याने."

गेटवर पिशव्या तपासतात. कोंबडा चालत नाही, दारू चालत नाही. काकीच्या कनवटीला कुंकवाची पुडी होती आणि हातातल्या फडक्यात एक अंडं. गार्डने विचारलं, "हे का आहे, आजी?" काकी म्हणाली, "नाश्ता." ओक साहेबांच्या डब्यात सहा अंडी होती, मग हिच्या एकाला कोण अडवणार? त्याने हसून फाटक उघडलं.

उजाडता उजाडता साहेबांनी डबा उघडला. त्यांना गोष्टी ऐकायच्या होत्या. "मग आजी, तुमच्या गावात वाघ यायचा का?"

काकीने तोंड बाहेर वळवलं. मी म्हटलं, "त्यांच्या मालकांना त्यानेच नेलं, साहेब."

साहेब चघळता चघळता थांबले. मिशीला पिवळा बलक लागलेला. "नेलं म्हणजे? खाल्लं? पूर्ण?"

मला वाटलं होतं मॅडम तरी त्यांना गप्प करतील. मॅडमने मोबाइल काढला. "आजी, जरा इकडे बघून सांगा ना, कसं झालं ते. तुम्ही समोर होतात का? आवाज कसा आला त्याचा?"

काकीने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा आवाज जराही चढला नाही. "तुया घरचं कोनी मेलं, त मी असी इचारीन का वं तुले?"

मॅडमला ते कळलंच नाही. "कसली गोड भाषा आहे!" म्हणाल्या आणि शूट करत राहिल्या. साहेबांनी दुसरं अंडं सोललं आणि टरफल हळूच बाहेर टाकलं, मला दिसणार नाही अशा बेताने. मी गाडी थांबवायला लावून ते त्यांच्याच हाताने उचलायला लावायला हवं होतं, गाडीतूनच वाकून. पण मला हिरडझरीला पोचायचं होतं. मी न पाहिल्यासारखं केलं.

झरीच्या वळणावर गाड्या दिसल्या. दोन रांगा, मधे जेमतेम एक बैल जाईल एवढी जागा. या लोकांनी वाघिणीचं नाव रोझी ठेवलं आहे. रोझी पाण्यात बसली होती आणि तिची पिल्लं रस्त्याच्या अलीकडच्या झुडपात अडकली होती, कारण मधे गाड्याच गाड्या. तिने दोनदा उठून बघितलं. दोन्ही वेळा माणसं सीटवर उभी राहिली, कॅमेऱ्यांचा कडकडाट झाला आणि ती पुन्हा बसली. एक बाप्या, चांगला पन्नाशीचा, पोट सुटलेला, गाडीच्या दांड्याला लोंबकळून मुके घेतल्यासारखा पुचपुच आवाज करत होता. "रोझी! ए रोझी! इकडे बघ ना गं राणी!" पलीकडच्या गाडीतल्या बायका त्याला हसत होत्या. कुणीतरी ओकलंही होतं वाटतं, कारण आंबट वास येत होता, आणि त्याच गाडीत कुणीतरी कुरमुरे खात होतं. माझे ओक साहेब पुढच्या ड्रायव्हरला ओरडून सांगत होते की तुझं डोकं खाली कर, माझा फोटो खराब होतोय.

मी काकीकडे पाहिलं. तिने पदर तोंडावर ओढून घेतला होता. मला वाटलं घाबरली. पण ती पदराआडून म्हणाली, "बाळंतीण आहे ते. बाळंतिणीले असं पाहतेत का कोनी?"

शेवटी वाघिणीने नाद सोडला आणि लांबून वळसा घेऊन पिल्लांकडे गेली. गाड्या एकमेकींना घासत तिच्या मागे निघाल्या. साहेबांना त्यांच्यामागे जायचं होतं. मी सांगितलं की पुढे जुन्या गावाच्या बाजूने ती निघेल, आपण तिथे आधीच थांबू. खोटंच सांगितलं. साहेबांनी मला अंगठा दाखवून शाबासकी दिली.

हिरडझरीत आता भिंतीसुद्धा नाहीत. चिंच आहे, विहीर आहे, तिच्यावर जाळी. मोह दिसला तशी काकी सावरून बसली. फडक्यातलं अंडं काढलं, कपाळाला लावलं आणि हात गाडीबाहेर काढून तयार ठेवला. मी सुखदेवला म्हटलं, "अगदी हळू. मोहाला लागून घे." त्याने गाडी घेतली, थांबवली, आणि समोर बघत बसला.

काकीचा हात हवेत तसाच राहिला.

"शेवंता, पाह्य ना वं. मले दिसून नाही राह्यलं का?"

तिला वाटलं तिचे डोळे गेले. तिचे डोळे ठीक होते. मोहाखाली वीतभर सागाचा खुंट होता आणि त्यावर सरळ पांढरा काप. वाळवीने खाल्लेलं लाकूड तसं दिसत नाही, हत्तीने मोडलेलंही नाही. करवतच ती. भोवतीचा भुसासुद्धा अजून पुरता वाहून गेला नव्हता.

"काकी, फळी नाही," मी म्हटलं. "कोणीतरी कापून नेली."

तिने अंडं पुन्हा फडक्यात बांधलं. मागून मॅडमनी विचारलं, "काय झालं? वाघ आहे का?" साहेबांनी त्यांना गप्प राहायची खूण केली आणि कॅमेरा तयार ठेवला.

"त्यानं हाडं त ठेवली होती," काकी म्हणाली. "यायनं तेही नाही ठेवलं."

मी काही बोलायच्या आधीच सुखदेवने गाडी सुरू केली. सकाळच्या गार हवेत त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. तेव्हाच मला कळलं.

"सुखदेव, तुला माहीत आहे."

"मले का माहीत, ताई. मी का राखण करतो इथं?"

तो गेटबाहेर आल्यावर म्हणाला, "साहेब, गाडी गरम होऊन राह्यली. तुमाले फाट्यावर सोडतो, चालते ना?"

"फाट्यावर?" साहेब भडकले. "पोर्चपर्यंत सोडायचं ठरलंय. मॅडमचा पाय दुखतोय."

म्हणून आम्ही पळसपानच्या आत गेलो. एरवी तिथे कामाला असलेले सोडून आम्हा लोकांना फाटकाच्या आत कोणी घेत नाही. काकीला तहान लागली होती. मी तिला धरून उतरवलं आणि पाणी मागायला व्हरांड्याकडे नेलं. तिथे पोहायचा तलाव आहे, निळ्या फरशीचा, आणि त्याच्या काठाला छपराखाली जेवायची टेबलं. लोक ओल्या चड्ड्यांवर बसून उपमा खात होते. दोन टेबलांच्या मधे, खाली दिवा लावलेला, मानकूकाका उभा होता.

त्यांनी फळीला चकचकीत रंग दिला होता. चंद्र-सूर्याला सोनेरी, वाघाला पिवळा. खालचा कापलेला भाग सिमेंटच्या कुंडीत बसवला होता. आणि काकाच्या डोक्यावर, बरोब्बर चंद्र-सूर्यावर, कुणीतरी ओला टॉवेल वाळत टाकला होता. टॉवेलातून पाणी ठिबकत काकाच्या तोंडावरून खाली येत होतं.

काकीला धरलेला हात मी सोडला.

काकी गेली, टॉवेल ओढला आणि तलावात फेकून दिला. कुणीतरी "अहो, अहो!" म्हणालं. तिने पदराने काकाचं तोंड पुसलं. मग कनवटीचं कुंकू काढलं, फळीला लावलं, आणि अंडं हातात घेऊन, सगुणाचं नाव, नवऱ्याच्या गावाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, सगळं एकेक करून सांगितलं. "आयकलं ना? मंग मागं नोको येजो," म्हणाली, आणि अंडं फळीवर फोडलं. बलक वाघाच्या पाठीवरून ओघळला.

टेबलावरच्या एका बाईने ताटली दूर सारली. मला बरं वाटलं.

मी मागे वळून पाहिलं तर सुखदेव पायरीपाशी उभा होता. मी त्याच्याजवळ गेले.

"तूच आणली?"

"सडून राह्यली होती वं, ताई. मॅनेजर बोल्ला, चांगल्या जाग्यावर ठेवू, लोक पायतीन."

"आणि करवत?"

"करवत त्यानंच आणली. मी फक्त धरली."

आमच्याच गावचा माणूस. याच फळीसमोर लहानपणी याने प्रसादाचा गूळ मागून मागून खाल्ला होता. तो रडायला लागला, तर त्या रडण्याचीही मला शिसारी आली. "डोळे पूस आधी," मी म्हटलं, "लोक बघतायत."

तेवढ्यात मॅनेजर आला. कार्लेकर नाव. पांढरा शर्ट, गळ्यात वाघनखाच्या आकाराचं प्लास्टिकचं लॉकेट. "अहो आजी! काय करताय! पॉलिश आहे त्यावर! कोणी सोडलं यांना आत? रमेश, फडकं आण!"

"थांबा, साहेब," मी म्हटलं. "ही फळी आतून आली आहे. आतून वाळकी काडी आणली तरी गुन्हा होतो, रोज मी पर्यटकांना हे पाठ म्हणून दाखवते. फोन लावू का फॉरेस्टला?"

त्याचा चेहरा एकदम बदलला. "फोन कशाला, मॅडम? आपण काय परके आहोत का? तुमची वस्तू आहे ना, मग घेऊन जा. आत्ता टेम्पो देतो. गुपचूप न्या, विषय संपला."

मला वाटलं, जिंकलो. फळी घरी न्यायची, वस्तीबाहेर रोवायची, काकीला रोज दिसेल. आणि मग काकीच्या चेहऱ्याकडे पाहून माझ्या लक्षात आलं.

"आता नाही जात तो," काकी म्हणाली. "अंडं फुटलं ना."

"काकी, जरा थांबायचं होतं गं!" माझ्या तोंडून निघून गेलं. "दहा मिनिटं!"

"तीन उन्हाळे थांबली. दिसला, सांगतलं." ती कुंडीच्या काठावर बसली. "आता हा इथंच."

मी मॅनेजरला समजावून सांगितलं की आता ती हलवता येणार नाही. फॉरेस्टला सांगायची माझीही मनातून तयारी नव्हती. त्यांनी जप्त केली असती तर काका डेपोच्या कोठडीत पडला असता, केस चालेल तोवर, आणि सगुणाची हळद पुन्हा राहिली असती. मॅनेजरला बाकी काही कळलं नाही, पण फळी राहणार एवढं कळलं आणि तो खुलला.

"अरे मग उत्तमच की! राहू द्या! आजी, तुम्ही असं करा ना, रोज संध्याकाळी या. ढोल घेऊन या, चार बायका आणा. पूजा करा, नाच करा, गेस्ट लोकांना आवडतं. चहा-नाश्ता आपल्याकडून."

"वा!" ओक मॅडम म्हणाल्या. त्या मघापासून शूट करत होत्या. "हे म्हणजे किती अस्सल!"

काकीने त्या दोघांकडे आलटून पालटून पाहिलं. मला वाटलं आता ती शिव्या घालेल. तिला येतात, चांगल्या लांबलचक येतात. पण ती म्हणाली, "येईन. हळदीच्या दिवशी कोंबडा घेऊन येईन. पण बापू, एक आयक. याले पाणी नोको लावजा. पुढच्या सालच्या अंड्यापर्यंत."

"अजिबात नाही, आजी," मॅनेजर हसत म्हणाला. "थेंबसुद्धा नाही."

सगुणाची हळद झाली. त्या दिवशी आम्ही पळसपानच्या तलावाकाठी कोंबडा कापला. मला आशा होती की लोक तोंडं फिरवतील, खुर्च्या सोडून पळतील, निदान एखादी तक्रार करेल. कोणी पळालं नाही. रक्त फळीवर उडालं तसे त्यांनी मोबाइल वर केले. एका माणसाने आमच्या ढोलवाल्याला बाजूला सरकायला सांगितलं, कारण तो मधे येत होता. कोंबडा फडफडून शांत झाला तेव्हा टाळ्या वाजल्या. काकाच्या समोर टाळ्या. मी बोगनवेलीच्या मागे गेले आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकून टाकलं.

काकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू काऊन पाहतं त्याइच्याकडं? आपण त्याच्यासाठी आलो."

सगुणा सासरी गेली. आणि मग मे महिना लागला.

आमच्याकडचा मे काय असतो ते मॅनेजरला माहीत नव्हतं. तो मागच्या दिवाळीत आला होता. अंडं सडलं. रक्त काळं पडलं. कोंबड्याचं पीस चिकटलेलं तसंच राहिलं. फळी छपराखाली, म्हणजे पाऊस आला तरी तिला लागायचा नाही. आधी माशा आल्या, मग त्या मोठ्या हिरव्या माशा. वास आधी दोन टेबलांवर होता, मग सगळ्या व्हरांड्यात, मग तलावावर. पंखे लावले तर तो खोल्यांत शिरला.

मॅनेजरने मला फोन केला. "मॅडम, ते जरा पुसून घेतलं तर चालेल का? नुसतं कोरड्या फडक्याने."

"पुढच्या वर्षी," मी म्हटलं.

त्याने रमेशला पाइप धरायला सांगितला. रमेश आमच्याच वस्तीतला, नोकरी जाईल म्हणून फळीचं इतके दिवस कुणाला न सांगितलेला. त्याने पाइप खाली ठेवला आणि घरी आला. त्याच्यामागे स्वयंपाकाच्या दोघी आल्या, माळी आला. मॅनेजर स्वतः बादली घेऊन गेला, तर म्हणतात तीन हातांवरूनच परत फिरला, नाकाला रुमाल लावून. फळी काढून फेकायची तर कुठे फेकणार, रस्त्यावर फॉरेस्टचं नाकं आहे. एक पाहुणे जाता जाता म्हणे वहीत लिहून गेले की जागा सुंदर आहे पण भयंकर घाण वास येतो. मी ते ऐकलं आणि दिवसभर माझा मूड चांगला होता. गाडीतल्या लोकांना मी हसून वाघ दाखवला.

आता पळसपानचे लोक आत, खिडक्या लावून जेवतात. तलावाच्या काठच्या खुर्च्या उचलल्या आहेत. त्या अख्ख्या व्हरांड्यात काका एकटा असतो. खालचा दिवाही काढून टाकलाय, संध्याकाळी तिथे अंधार पडतो, हिरडझरीत पडायचा तसा.

काल गेटवरून परत येताना मी काकीकडे डोकावले. ती अंगणात खाटेवर बसून गुडाखू लावत होती.

"अजून येते का वं वास?"

"फाट्यापासून येतो, काकी. गाडीतले लोक नाकं धरतात."

"अन् टावेल?"

"आता कोणी नाही टाकत."

ती खाटेवर जराशी सरकली आणि मला बसायला जागा केली.